बागेला नावे ठेवताना

कोल्हापुरात ‘पार्क’ हा शब्द बागेपेक्षा वस्तीला अधिक लावला जातो. ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क या ठिकाणी माणसे राहतात, दवाखाने चालतात, शिकवण्यांचे वर्ग भरतात. हुतात्मा पार्क हे खरोखरीचे उद्यान आहे, पण तो अपवाद. वस्त्यांना ही नावे पडली तेव्हा ती अगदीच निरर्थक नसावीत. बंगल्याभोवती मोकळी जागा, कुंपणाला मेंदी किंवा कोयनेल, फाटकाच्या कमानीवर मधुमालती, आणि एकाची बाग संपते तिथे शेजाऱ्याची सुरू होते. अशा सगळ्या खासगी बागा मिळून वस्तीला पार्क म्हणता येत असे. आज अनेक बंगल्यांच्या जागी अपार्टमेंट उभ्या आहेत आणि पार्कातली जागा पार्किंगने घेतली आहे. नाव तेवढे उरले आहे.

तरीही कोल्हापूर हे बागांची आवड असलेले शहर आहे, असे आम्ही म्हणतो, आणि ते केवळ गावाच्या अभिमानापोटी नव्हे. टाउन हॉलच्या बागेत आणि महावीर उद्यानात पहाटेपासून माणसे असतात. गार्डन्स क्लबच्या पुष्पप्रदर्शनाला दर हिवाळ्यात घरची माणसे कुंड्या उचलून आणतात आणि घरगुती बगीच्यांच्या स्पर्धा होतात. जुन्या पेठांत, जिथे अंगणच नाही, तिथे उंबऱ्याशी तेलाच्या डब्यात तुळस, कोरफड आणि गवती चहा दिसतोच. प्रश्न आवडीचा नाही. बाग ‘पाहायला जाणे’ म्हणजे नेमके काय करणे, हा आहे; आणि तो मराठीच्या अध्यापकांनी विचारावा, याला कारण आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बाग पाहण्यासाठी दोन गोष्टी लागतात : आत जाण्याची मुभा आणि आत जे उभे आहे त्याचे नाव. सार्वजनिक उद्यान पहिली गोष्ट देते, दुसरी सहसा देत नाही. खासगी बागेपाशी दुसरी गोष्ट असते, पण तिचे फाटक बंद असते. या दोहोंची भेट होत नाही तोवर शहराची बागांची आवड अर्धीच राहते. साहित्याच्या विद्यार्थ्याचे तर त्यात अधिक नुकसान होते, कारण नावे हा त्याच्या अभ्यासाचाच विषय आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘उद्यान’ संस्कृतातून आले, ‘बाग’ फारसीतून, ‘गार्डन’ आणि ‘पार्क’ इंग्रजीतून. या तिन्ही घराण्यांत राजा किंवा सरकार डोकावते. आपल्या बोलीत घरामागच्या हिरव्या जागेला मात्र ‘परडं’ म्हणतात. परड्यात अळू असते, केळ असते, देवाला लागणारी जास्वंद असते, आणि भांडी घासल्याचे पाणी या सगळ्यांना जाते. ‘परडं पाहायला या’ असे कोणी कोणाला म्हणत नाही. ‘मळा’ हा आणखी वेगळा शब्द. कागलच्या आनंद यादवांचा पहिला कवितासंग्रह ‘हिरवे जग’ (१९६०) आणि पुढचे आत्मचरित्र ‘झोंबी’ एकापाठोपाठ वाचले, तर एकच हिरवळ एका ठिकाणी सौंदर्य होऊन येते आणि दुसऱ्या ठिकाणी शाळा हिरावून घेणारे कष्ट होऊन येते, हे ध्यानात येते. मळ्यातला माणूस मळा पाहायला जात नाही; तो मळ्यात असतो. पाहणारा आणि राबणारा हे दोघे वेगळे झाले की मळ्याची बाग होते, असे म्हणता येईल.

हे वेगळेपण जुने आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त दोन ठिकाणी बागेचा विषय निघतो. नागरकाच्या दिनचर्येत घराला लागून वृक्षवाटिका असावी, तिच्यात सावलीत झोपाळा असावा आणि मित्रमंडळींसह उद्यानयात्रेला जावे, असे सांगितले आहे. तिथे झाडांची नावे जवळजवळ नाहीत. पुढे गृहिणीच्या कर्तव्यांचे प्रकरण येते आणि एकदम नावांची रांग लागते : मल्लिका, जाती, कुरंटक, नवमालिका, तगर, जपा. नागरक बागेत जातो, गृहिणी बाग लावते. आणि ग्रंथकाराला नावे आठवतात ती लावणारीच्या संदर्भात.

कालिदासाने याच गोष्टीचे नाट्य केले. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातला दुष्यंत हा आपल्या वाङ्मयातला बाग पाहणाऱ्यांचा नमुना आहे. झाडाआड उभा राहून तो पाहतो, आणि आश्रमातल्या वेलींनी राजवाड्यातल्या वेलींना मागे टाकले, असा अभिप्रायही देतो. अभिप्राय रसिकाचा आहे, पण वेली त्याला केवळ उपमेसाठी हव्या आहेत. हातात घागर आहे ती शकुंतलेच्या, आणि नवमालिकेच्या वेलीला ‘वनज्योत्स्ना’ हे नाव ठेवले आहे तेही तिने. चौथ्या अंकात ती आश्रम सोडते तेव्हा या वेलीचा निरोप घेते. पुढे दुष्यंत शकुंतलेलाच विसरतो. त्याला शापाचे निमित्त आहे; पण ज्याने नाव विचारलेच नाही त्याचे विसरणे सोपे असते, असा अर्थ काढण्याचा मोह वाचकाला आवरत नाही.

आता कोल्हापूरकडे वळू. खासगी बागेचे सार्वजनिक जागेत रूपांतर होणे, ही या शहराच्या इतिहासातली ओळखीची हालचाल आहे, आणि ती एका नावात गोठून राहिली आहे : खासबाग. ‘खास’ आणि ‘बाग’ हे दोन्ही शब्द मोजक्यांच्या वहिवाटीचे. आज या नावाने उभे आहे ते कुस्तीचे मैदान. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, त्यांनी रोमचे प्राचीन रंगमंडल पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात मैदान बांधवून घेतले. १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. हजारोंनी मातीवर बसून कुस्ती पाहावी अशी ही जागा, आणि तिच्या नावात मात्र ‘खास’. या विसंगतीतच त्या राजाच्या धोरणाचे सार आहे, असे आम्हांला वाटते.

दुसरे उदाहरण फारच कमी कोल्हापूरकरांच्या पाहण्यातले आहे, कारण ते इटलीत आहे. शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. परतीच्या वाटेवर, वयाच्या विसाव्या वर्षी, ३० नोव्हेंबर रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा मृत्यू झाला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. ती जागा ‘कास्चिने’ या उद्यानाच्या टोकाला आहे, आणि तिथे १८७४ मध्ये छत्री व अर्धपुतळा उभारण्यात आला. ‘कास्चिने’ म्हणजे मुळात दुभत्या जनावरांचे गोठे. मेदिची घराण्याची ही खासगी शेतजमीन आणि शिकारीचे रान एकोणिसाव्या शतकात लोकांसाठी खुले झाले. पुढे १९७०च्या दशकात तिथे जवळच पूल झाला, त्यालाही लोक ‘इंदियानो’चा पूल म्हणतात. म्हणजे कोल्हापूरच्या एका राजाचे स्मारक परक्या देशातल्या एका सार्वजनिक बागेत आहे, आणि तिथे धावायला येणाऱ्या माणसांनी ते आपल्या भाषेतल्या नावाने सांभाळले आहे. ‘इंदियानो’ म्हणजे कोण, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, ही गोष्ट वेगळी.

त्या छत्रीचा आराखडा करणारे चार्ल्स मँट हेच कोल्हापूरच्या टाउन हॉलचे वास्तुरचनाकार. १८७२ ते १८७६ या काळात टाउन हॉल बांधला गेला, आणि १९४९ पासून तिथे वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू आतल्या कपाटांत आहेत. प्रत्येक वस्तूपुढे चिठ्ठी आहे : काय आहे, कुठे सापडले, कोणत्या काळातले. बाहेरच्या बागेत याहून वेगळ्या तऱ्हेचा संग्रह उभा आहे, आणि तो जिवंत आहे. आतल्या नाण्यापुढे थांबणारा माणूस बाहेरच्या खोडापुढे थांबत नाही. थांबायला शिकवणारी चिठ्ठी तिथे असेल तर तो थांबेल.

एकूण सार्वजनिक उद्यानांबद्दल बोलताना हीच तक्रार करावी लागते. आपल्या शहरांतल्या कितीतरी उद्यानांच्या दाराशी फलक असतात. त्यांवर काय करू नये याची यादी असते; कोणाच्या हस्ते उद्घाटन झाले, कोणाच्या निधीतून काम झाले, कोणाच्या कारकिर्दीत बाके बसवली, हे सारे असते. ज्यांच्या सावलीत ती बाके आहेत त्यांची नावे नसतात. व्यायामाची यंत्रे येतात, चालण्यासाठी पेव्हिंग ब्लॉकची वाट होते, छायाचित्रासाठी रंगीत अक्षरे उभी राहतात. चालणे चांगलेच, पण चालणाऱ्याची नजर मनगटावरच्या पावलांच्या आकड्यावर असते. उद्यान हे असे घराबाहेरचे आणखी एक उपकरण होऊन बसते. मराठीत ‘नावे ठेवणे’ या वाक्प्रचाराचे दोन अर्थ आहेत. उद्यानांना दुसऱ्या अर्थाने नावे ठेवणारे आपण पुष्कळ आहोत. पहिल्या अर्थाने नावे ठेवण्याचे काम राहून गेले आहे.

याउलट खासगी बागेत नावांची रेलचेल असते. कोणत्याही बागप्रेमी घरी जा. यजमानीणबाई दहा मिनिटांत तीस नावे सांगतात, आणि प्रत्येक नावाला एक गोष्ट जोडलेली असते. ही सायली माहेरची, हा कुंद सासूबाईंनी लावलेला, हे अनंताचे कलम देणारी शेजारीण आता पुण्याला गेली, ही अबोली कोकणातल्या लग्नाहून आणली. झाडांची वंशावळ आणि घराची वंशावळ एकमेकींत गुंतलेली असते. आठवड्यातून दोनदा येणारे माळीकाका असतील तर त्यांच्याकडे याहून वेगळी नावे असतात. मुळाच्या, किडीच्या, कलमाच्या भाषेतली. ही विद्या कुठेही लिहिलेली नाही. बंगला विकला जातो तेव्हा जमिनीचा भाव मोजला जातो, झाडांचा फार तर अडथळा म्हणून विचार होतो, आणि नावे त्या बाईंबरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नागाळा पार्काच्या काही भागासह शहराच्या सखल वस्त्यांत पाणी दिवसेंदिवस उभे होते. पाणी ओसरल्यावर गाळाखालून बाग पुन्हा उभी करणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम. त्यापेक्षा अंगणात फरशी घालणे सोपे वाटते, यात नवल नाही. फरशी पुढचे पाणी मुरू देत नाही, हा विचार नंतर येतो.

स्पर्धा आणि प्रदर्शने यांवर उपाय आहेत का? काही अंशी निश्चित आहेत. प्रदर्शनातल्या टेबलावर गुलाबाच्या फुलापुढे जातीचे नाव आणि स्पर्धकाचे नाव अशी दोन नावे शेजारी शेजारी असतात, ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रदर्शनात फूल बागेतून तोडून आणलेले असते, आणि स्पर्धेसाठी बाग पाहायला येतात ते परीक्षक. परीक्षक गुण देतो, पाहुणा प्रश्न विचारतो. बागेला पाहुणा हवा असतो.

नाव दिल्याने काय घडते, याचे प्रमाण शहरातच आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारातले मोर सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या उद्यानात ‘कंदीलपुष्प’ या कुळातल्या दुर्मीळ वनस्पती जोपासल्या आहेत, हे मराठी विभागातल्या किती जणांना माहीत असते, कोण जाणे. हे फूल छोट्या कंदिलासारखे असते. त्याच्या नळीत बारीक माश्या काही काळ अडकतात आणि सुटताना पराग घेऊन जातात. डॉ. एस. आर. यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या कुळाचा सह्याद्रीत कसून शोध घेतला. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावरची एक जात त्यांनी २००६ मध्ये जगापुढे मांडली. तिच्या शास्त्रीय नावात आता तो डोंगर आहे. ती वनस्पती त्यापूर्वीही तिथे उगवतच होती. पण नाव नसलेल्या वस्तूचे संरक्षण करा, असे कोणाला सांगता येत नाही. नाव मिळाले, मग ती दुर्मीळ आहे हे कळले, मग ती बागेत आली.

आता आमच्या वर्गाकडे येतो. केशवसुतांची ‘पुष्पाप्रत’, रेव्हरंड टिळकांची ‘वनवासी फूल’, बालकवींची ‘फुलराणी’, कवी ‘बी’ यांची ‘चाफा’ : मराठीच्या अभ्यासक्रमांतून फुलांना वगळायचे म्हटले तर अर्वाचीन कवितेचा पहिला भागच ओस पडेल. या कविता आपण कशा शिकवतो? फूल म्हणजे निरागसता, फूल म्हणजे क्षणभंगुरता, फूल म्हणजे आत्मा. प्रतीक सांगितले की काम झाले. पण चाफा म्हटल्यावर कोणता चाफा? सोनचाफा, नागचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, भुईचाफा हे एकमेकांचे सख्खे-चुलत असतीलच असे नाही; यांतले बहुतेक वेगवेगळ्या कुळांतले आहेत. देवळापाशी आणि हॉटेलांच्या हिरवळीवर दिसणारा पांढरा चाफा तर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आला. जुन्या संस्कृत काव्यातला चंपक तो असूच शकत नाही. चंपकाच्या फुलावर भुंगा बसत नाही, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. हा संकेत आणि सोनचाफ्याचा उग्र गंध एकत्र ठाऊक असलेल्या वाचकाला रुसलेल्या चाफ्याची कविता वेगळी वाचता येते. पांढरा चाफा डोळ्यांपुढे ठेवणारा वाचक दुसरीच कविता वाचत असतो. जाई, जुई, सायली, चमेली, नेवाळी, मोगरा या सगळ्यांना ‘जास्मीन’ म्हणून मोकळे होणाऱ्याला शांता शेळके किंवा इंदिरा संत यांच्या कवितेतले गंधांचे भेद कसे पोचणार?

शब्दकोशाकडे जावे तर तिथे अनेक फुलांपुढे ‘एक फुलझाड’ एवढाच अर्थ मिळतो. कोशकाराचा त्यात दोष नाही. त्याने गृहीत धरले होते, की वाचकाच्या परड्यात ते झाड आहे. ते गृहीत आता उरलेले नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आजच्या विद्यार्थ्याला अवघड वाटते ते भाषेमुळे नव्हे. त्यातली झाडे अनोळखी आहेत म्हणून. भाषेतला शब्द मरतो तेव्हा आपण परिसंवाद भरवतो. शब्द जिवंत असून त्याचा अर्थ दारातून निघून जातो, तेव्हा कोणाला पत्ताही लागत नाही.

यावर आक्षेप घेता येतील. बंगल्यातली बाग ही सुखवस्तूंची चैन आहे. पाणी, जागा आणि नोकर असलेल्यांच्या छंदाला संस्कृती का म्हणावे, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच बागेच्या व्याख्येत उंबऱ्यावरचा डबा आणि परडे यायला हवे. अंबाबाईच्या दारात वेण्या विणणाऱ्या बाईंना आणि जोतिबाच्या यात्रेत दवणा विकणाऱ्यांना जे ज्ञान आहे, ते कोणत्याही बंगल्यापेक्षा कमी नाही. दुसरा आक्षेप असा, की अनोळखी माणसांना घरात कोण घेईल? काळ पाहता हाही खोटा नाही.

पण यावरचा एक जुना तोडगा उपलब्ध आहे. इंग्लंडमध्ये १९२७ साली परिचारिकांच्या एका संस्थेसाठी निधी हवा होता. तेव्हा ६०९ खासगी बागांच्या मालकांनी माणशी एक शिलिंग घेऊन आपली फाटके लोकांसाठी उघडली. ती प्रथा अजून चालू आहे. तिथले सगळेच अनुकरणीय आहे, असे नाही. त्यातली युक्ती मात्र घेण्यासारखी आहे : ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, चांगले निमित्त, आणि पाहुण्याने पाळायचे शिष्टाचार.

कोल्हापुरात जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळचे दोन तास, स्वेच्छेने तयार असतील तेवढ्याच घरांनी हे करून पाहावे. पंधरा घरे मिळाली तरी पुरेत. त्यांत पाच डब्यांची गॅलरी असावी आणि मंगळवार पेठेतले एखादे परडेही असावे. प्रत्येक घरी मराठीचा एक आणि वनस्पतिशास्त्राचा एक असे दोन विद्यार्थी वही घेऊन बसावेत. बाई सांगतील ते नाव, माळीकाका सांगतील ते नाव आणि शास्त्रीय नाव असे तीन रकाने भरावेत. जमले तर झाड कोणाकडून आले, हा चौथा. या नावनिशीतून महापालिकेच्या उद्यानांसाठी मराठी फलक तयार होतील. फलकाच्या तळाशी ते नाव सांगणाऱ्या व्यक्तीचा, तिची संमती असेल तर, उल्लेख असावा. उद्घाटकाच्या नावाइतकी जागा त्याला लागणार नाही.

मराठीच्या अध्यापकांनी मात्र त्या रविवारची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘चाफा’ शिकवण्याचा तास टाउन हॉलच्या बागेत घेता येतो. तिथे प्रवेशाला कोणाची परवानगी लागत नाही, आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्यांनीच विचारावा असा आहे : सर, यांतला कोणता?